झान मोरोची चाल

रात्रपाळी

परवा रात्री झोप लागेना म्हणून लुई मालचा 'फासाकडे नेणारी लिफ्ट' (१९५८) पुन्हा लावला. मूळ नाव 'आसांसर पूर लेशाफो'. मराठी नाव माझं, अधिकृत नव्हे. गोष्ट सगळी पाठ आहे. फ्लोरान्स (फ्रेंच अभिनेत्री झान मोरो), तिचा श्रीमंत नवरा आणि तिचा प्रियकर ज्युलियाँ. ज्युलियाँ नवऱ्याचा त्याच्याच कचेरीत खून करतो, आत्महत्या वाटावी अशी मांडामांड करतो, खाली येतो. तेवढ्यात वर दोर लटकत राहिलाय हे ध्यानात येतं, म्हणून पुन्हा लिफ्टमध्ये शिरतो. शनिवारची संध्याकाळ. पहारेकरी वीज बंद करून घरी जातो. झालं, अडकला. इकडे बाई कॅफेत वाट बघतेय. समोरून त्याची गाडी जाते, आत फुलांच्या दुकानातली पोरगी दिसते. गाडी भलत्यानेच पळवलेली असते, पण हिला काय माहीत. मग ती रात्रभर पॅरिसमध्ये चालते.

मी एवढ्यांदा हा सिनेमा पाहिलाय, पण खून कसा केला ते दर वेळी विसरते. चालणं विसरत नाही. शाँझेलिझेच्या फुटपाथवर, मग सरळ गाड्यांच्या मधून, डावीकडे-उजवीकडे न बघता. पाऊस येतो, केस चपटे होतात, ओठ पुटपुटत राहतात. छायालेखक आंरी दकाए कॅमेरा घेऊन बाबागाडीत बसला होता आणि ती गाडी ढकलत नेत होते. वेगळे दिवे लावलेच नाहीत, दुकानांच्या काचांतून जो उजेड पडेल तेवढाच. तोंडाला रंग नाही. हे चित्रण पाहून लॅबमधल्या तंत्रज्ञांनीच तक्रार केली, की नटीला असं कुणी दाखवतं का!

मोरो तेव्हा २९ वर्षांची होती आणि नवखी अजिबात नव्हती. कोमेदी फ्रान्सेझ, मग झाँ विलारची नाटक कंपनी, आणि वीसेक सिनेमे. पण त्या सिनेमांत तिच्या चेहऱ्यावर थर चढवलेले असायचे, कारण 'हिचा चेहरा कॅमेऱ्याला चालत नाही' असं ठरून गेलं होतं. डोळ्यांखाली काळं, ओठांचे कोपरे खाली झुकलेले. मालने तेच दाखवलं आणि चालायला लावलं.

तिथून पुढे माझ्या डोक्यात एक खूळ बसलंय. झान मोरोची सगळी कारकीर्द तिच्या चालण्यावरून सांगता येते. बघा पटतं का.

१९६१, अँतोनिओनीचा 'ला नोत्ते'. लेखकाची बायको, लिडिया. नवऱ्याच्या पुस्तकाच्या प्रकाशन समारंभातून ती मधूनच निघते आणि मिलानमधून भटकत सुटते. भिंतीचा पोपडा नखाने सोलते, रडणाऱ्या पोरापाशी थांबते, पोरं मारामारी करताहेत ती बघते, माळावर कुणी अग्निबाण उडवताहेत तेही बघते. संवाद जवळपास नाहीतच. लग्न संपलंय हे आपल्याला त्या चालण्यातून कळतं, नवऱ्याला कळायला पुढची अख्खी रात्र लागते.

१९६३, झाक दमीचा 'ला बे देझांज'. नीसचा समुद्रकिनारा, पांढरेफेक सोनेरी केस, पांढरे कपडे. पहिल्याच दृश्यात ती आपल्याकडे चालत येते आणि कॅमेरा गाडीवरून सुसाट मागे पळतो, मिशेल लग्राँचा पियानो त्याच्याहून सुसाट. दहा सेकंदांत ती ठिपका होते. जुगारी बाई आहे ही, हे अजून कुणी सांगितलेलंही नसतं.

आणि १९६४, बुन्युएलचा 'मोलकरणीची रोजनिशी'. घरातला म्हातारा तिला जुने चामडी बूट घालायला देतो आणि म्हणतो, चाल. बस, एवढंच. नुसतं चाल.

बुन्युएलने आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की तिला चालवण्यात आणि ते टिपण्यात आपल्याला मजा आली. उंच टाचेवर तिचा पाय किंचित थरथरतो, त्यातून एक ताण, एक अस्थिरपणा जाणवतो. आणि ही चाल पहिल्यांदा दाखवली ती मालने, हेही त्याने मोकळेपणाने लिहिलंय. म्हणजे खूळ माझं एकटीचं नाही!

तुम्हाला आणखी काय आठवतं? युरोपातलंच सांगा. हॉलिवूडच्या नटांबरोबरही तिने कामं केली, बर्ट लँकेस्टरबरोबर 'द ट्रेन' केला, पण त्यांत तिला फारसं कुणी चालू दिलं नाही.

कोकमसार

वा! वाचनखूण साठवली. त्रुफोच्या 'ज्यूल ए जिम'मधला पूल राहिला की. मुलाचे कपडे, टोपी, कोळशाने काढलेली मिशी, आणि तिघांची शर्यत. ती तीन म्हणायच्या आधीच पळते, म्हणजे चक्क रडीचा डाव खेळते आणि जिंकते. अख्खी कॅथरीन तेवढ्यात आली.

वैतागराव

माफ करा, पण मी 'ला नोत्ते' एकदा पाहिलाय. बाई चालते. मग बाई उभी राहते. मग पुन्हा चालते. चालणंच बघायचं तर आषाढात दिवेघाटात जाऊन उभं राहावं, फुकट आणि टाळमृदंगासकट.

रात्रपाळी

वैतागराव, वारीतली माणसं कुठे चाललीत हे त्यांना माहीत असतं. फरक तेवढाच आहे.

शुद्धलेखक

लेख चांगला. दोन सूचना. १) नाव 'झान' हेच बरोबर लिहिलंत, आभार. मराठी वर्तमानपत्रं 'जीन' किंवा 'जेन' लिहितात. 'झ' मात्र 'झाड'मधला उच्चारू नये, जीभ थोडी सैल सोडावी. २) एवढ्या ज्येष्ठ अभिनेत्रीला 'ती' म्हणणं खटकतं. २०१७ मध्ये त्या गेल्या तेव्हा ८९ वर्षांच्या होत्या.

रात्रपाळी

लताला आपण 'लता' म्हणतो आणि मास्तरांना 'मास्तर'. पडद्यावरच्या बाईला 'अहो' म्हटलं की ती लांब जाते. तुमच्यासाठी मनातल्या मनात 'त्या' वाचा.

मिलानकर

धागा वाचून राहवलं नाही. गेली अकरा वर्षं इथे आहे, म्हणून थोडी स्थानिक माहिती.

लिडिया टॅक्सी करून जिथे जाते ते सेस्तो सान जोव्हान्नी. मिलानच्या उत्तरेला, आज मेट्रोची लाल लाइन तिथेच संपते. तेव्हा ते निव्वळ कारखान्यांचं गाव होतं. फाल्कच्या पोलादाच्या भट्ट्या, ब्रेडाचे कारखाने, आणि डावे कामगार इतके की लोक त्याला इटलीचं स्टालिनग्राड म्हणत. लिडिया आणि तिचा नवरा जोव्हान्नी सुरुवातीला तिथे राहत असत. म्हणजे ती उगाच भटकत नाही हो, जुन्या घराच्या दिशेने जातेय. तिथून ती नवऱ्याला फोन करते, तो गाडी घेऊन येतो, दोघं शेजारी उभे राहतात, आणि त्याला तिथे काही वाटत नाही. ती जागा बदलली नाही, असं काहीतरी बोलतात. मला सिनेमातला सगळ्यात वाईट क्षण तो वाटतो.

आज भट्ट्या बंद आहेत, काही ठिकाणी नुसते सांगाडे ठेवलेत. मी एका रविवारी मुद्दाम चालून आलो. पोपडे सोलण्याजोगी भिंत मिळाली, अग्निबाण नाही मिळाले.

अवांतर: 'ला नोत्ते'ची श्रेयनामावली सुरू असताना कॅमेरा पिरेली टॉवरच्या काचांवरून हळूहळू खाली उतरतो, लिफ्टमधून उतरल्यासारखा. इमारत तेव्हा अगदी कोरी होती. मालच्या लिफ्टनंतर तीनच वर्षांनी ही दुसरी.

रात्रपाळी

मिलानकर, हे सोनं आहे. 'जुन्या घराकडे' हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे वैतागराव, तिलाही ठाऊक होतं कुठे चाललीय ते. माझं वरचं उत्तर मागे घेते.

वैतागराव

नोंद घेतली आहे. तरी कंटाळवाणा आहे.

टपालपेटी

धाग्याचं नाव वाचून मला वाटलं गाण्याच्या चालीबद्दल आहे, म्हणून आलो. पण त्या चालीवरही बोला की! 'ज्यूल ए जिम'मधलं 'ल तुर्बियाँ' (भोवरा) हे गाणं. सर्ज रेझवानी या चित्रकार-लेखकाने बांधलेलं, तो स्वतःच पडद्यावर गिटार घेऊन बसलाय. गाणं आधी मित्रमंडळींच्या बैठकीतलं होतं, सिनेमासाठी केलेलं नव्हे. मोरो मध्येच कडव्यांची उलटापालट करते आणि हाताने 'अरे, चुकलं' अशी खूण करते. त्रुफोने तीच पट्टी ठेवली. आपल्याकडे 'कट' झाला असता आणि नंतर कुणीतरी पार्श्वगायिका येऊन घोटून गायली असती.

आवाज म्हणाल तर जाड, सिगारेटने खरवडलेला, वरच्या पट्टीत जायची इच्छाच नसलेला. पुढे तिने रेझवानीच्या गाण्यांच्या तबकड्या काढल्या. आणि फासबिंडरच्या 'केरेल'मध्ये (१९८२) ऑस्कर वाइल्डच्या ओळींचं गाणं, माणूस ज्यावर प्रेम करतो त्यालाच मारतो अशा अर्थाचं. बंदरातल्या कुंटणखान्याची मालकीण, मागे सगळं केशरी, खोटं, स्टुडिओतलं. ब्रेस्ट बंदर म्हणे, उभारलं बर्लिनमध्ये. सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आत फासबिंडर गेला.

तिथे ती फारशी चालत नाही बरं का. उभी राहूनच सगळ्यांना खिशात घालते.

जुनं_खोड

मंडळी, आमच्या काळी फिल्म सोसायटीत हे सिनेमे बघायला मिळत. खुर्च्या घडीच्या, पंखा एक, आणि रिळं बदलताना दिवे लागत. मालचाच 'ले झामाँ' येणार म्हटल्यावर एरवी न दिसणारे बरेच सभासद हजर झाले होते. कारण सांगायला नको! सिनेमा सुरू होऊन तासभर झाला तरी बाई नुसती गाडी बिघडली म्हणून खोळंबलेली. पुढच्या रांगेतून सुस्कारे. मग चांदण्यातला तो बागेतला फेरफटका आला, ब्राम्स वाजू लागला, आणि हॉल गप्प झाला. आलेले लोक वेगळ्याच कारणाने गप्प झाले असं मी आजही मानतो.

याच सिनेमापायी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका थिएटरच्या व्यवस्थापकाला अडीच हजार डॉलर दंड झाला होता. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६४ साली दंड रद्द झाला. तेव्हा न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिलं की अश्लील म्हणजे काय याची व्याख्या मला करता येणार नाही, पण समोर आलं की ओळखतो, आणि हा सिनेमा तसा नाही. वकील लोक हे वाक्य आजवर वापरतात, ते कुठल्या बाईमुळे आलं हे विसरून.

कोकमसार

काका, भारी किस्सा. पण आता जरा भांडते. रात्रपाळीताई, तुमचा सगळा धागा दिग्दर्शकांनी तिला कसं चालवलं यावर आहे. मालने दाखवलं, बुन्युएलने टिपलं, दमीने ठिपका केला. आणि ती? 'प्रतिभावंत पुरुषांची प्रेरणा' ही पाटी तिच्या गळ्यात जन्मभर अडकवली, तुम्हीही तेच करताय.

माल तेव्हा पंचविशीचा पोरगा होता, हा त्याचा पहिला कथापट. पीटर ब्रूकच्या दिग्दर्शनाखाली ती पॅरिसच्या रंगमंचावर टेनेसी विल्यम्सचं नाटक करत होती, तिथे मालने तिला पाहिलं. नाव कुणाचं मोठं होतं? जोखीम कुणी घेतली? 'मोदेरातो कांताबिले'ला १९६० मध्ये कान महोत्सवातलं उत्तम अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं (मेलिना मर्कुरीबरोबर विभागून), तो ब्रूकचाच सिनेमा, पण कादंबरी मार्गरीत द्युरासची. द्युरासशी तिचं सूत पुढे कायम राहिलं. १९७२ चा द्युरासचा 'नाताली ग्राँजे' बघा. दोन बायका घरात ताटं आवरतात, टेबल पुसतात, बागेतली पानं जाळतात. तरुण देपार्द्यू वॉशिंग मशीन विकायला येतो आणि या दोघी नुसत्या बघून त्याचं बोलणं बंद पाडतात.

आणि ती स्वतः दिग्दर्शक झाली. 'ल्युमिएर' (१९७६), चार अभिनेत्री मैत्रिणींची गोष्ट. 'लादोलेसाँत' (१९७९), महायुद्धाच्या तोंडावरचा उन्हाळा, खेडं, वयात येणारी मुलगी, आणि आजीच्या कामात सिमोन सिन्योरे. याबद्दल कुणीच बोलत नाही.

शिवाय १९७१ चा तो ३४३ बायकांचा जाहीरनामा. 'मी गर्भपात केला आहे' असं नाव-सहीनिशी छापायचं, आणि गर्भपात तर गुन्हा. तिची सही आहे, दनव्हची आहे, द्युरासची आहे. फ्रान्समध्ये कायदा यायला १९७५ उजाडलं. आपल्याकडे मात्र वैद्यकीय गर्भपाताचा कायदा त्याच १९७१ साली संसदेत मंजूर झाला होता, हे मला आजीच्या बोलण्यातून कळलं. ती दवाखान्यात परिचारिका होती.

रात्रपाळी

कोकमसार, लागलं, आणि बरोबर लागलं. चूक कबूल.

थोडा बचाव करू? 'मोलकरणी'तला म्हातारा बूट घालून चालायला लावतो तो प्रसंग पुन्हा बघ. कॅमेरा म्हाताऱ्याच्या बाजूने नाही. सेलेस्तीनच्या चेहऱ्यावर जे आहे ते म्हणजे: बरं, एवढंच ना, पगार वेळेवर द्या. ती चालते ती नोकरी म्हणून. तिच्याकडे बघणारा माणूस किती केविलवाणा आहे हे तिच्या चालीतून दिसतं. पुढे तो म्हातारा बूट कवटाळून मेलेला सापडतो. तो हिशेब बुन्युएलचा असेल, पण फेडलाय मोरोने.

तुझं ते ताटं आवरणं मात्र मी यादीत घेते. बसून, उभ्याने, हळू. चालण्याच्या बरोबरीचं आहे ते.

अनुस्वार

ब्रूकचं नाव निघालंच आहे तर एक धागा जोडतो. 'मोलकरणीची रोजनिशी'ची पटकथा बुन्युएलबरोबर लिहिली झाँ-क्लोद कारिएरने. दोघांचं हे पहिलंच एकत्र काम. हाच कारिएर पुढे ब्रूकसाठी महाभारत लिहितो, आणि १९८५ मध्ये आविन्योंच्या महोत्सवात, दगडाच्या खाणीत, रात्रभर ते नाटक होतं. मल्लिका साराभाई द्रौपदी. त्याच आविन्योंत विलारच्या कंपनीबरोबर मोरो विशीत उभी होती.

'मोलकरणी'च्या शेवटी शेर्बूरमध्ये फॅसिस्टांचा मोर्चा एका शियाप नावाच्या माणसाच्या जयजयकाराच्या घोषणा देतो. तो पॅरिसचा पोलीस प्रमुख. त्याने १९३० मध्ये बुन्युएलच्या सिनेमावर बंदी घातली होती. चौतीस वर्षं राग जपला गड्याने.

मिलानकर

पुन्हा मीच. कुणी ग्रीसला गेलं नाही अजून? थिओ अँजेलोपूलोसचा 'करकोच्याचं थबकलेलं पाऊल' (१९९१). नावातच पाऊल आहे की!

सरहद्दीवरचं गाव, निर्वासितांनी भरलेलं. पुलावर रेघ आखलीय, लष्करी अधिकारी त्या रेघेवर एक पाय उचलून उभा राहतो. पुढे टाकला तर परका देश, नाहीतर मरण. एका पत्रकाराला संशय येतो की निर्वासितांत राहणारा एक माणूस म्हणजे वर्षांमागे बेपत्ता झालेला राजकारणी आहे. तो माणूस मास्त्रोयानी. ओळख पटवायला त्याच्या बायकोला आणतात. ती मोरो.

आता बघा, 'ला नोत्ते'चं जोडपं. तीस वर्षांनी. पुलावरून दोघं एकमेकांकडे चालत येतात, थांबतात, बघतात. आणि ती कॅमेऱ्याकडे वळून म्हणते, हा तो नव्हे.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा 'ला नोत्ते' पाहिला नव्हता. सहज पुढे गेलो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा तिथेच थांबवला आणि चहा करून आणला.

गंमत म्हणजे चित्रीकरण चालू असताना फ्लोरिनाच्या बिशपने अँजेलोपूलोसला धर्मबहिष्कृत केलं होतं. मोर्चे, घंटानाद, सगळं. १९९५ मध्ये अँतोनिओनीच्या 'मेघांपलीकडे'त ही जोडी पुन्हा मिनिटभर दिसते. तो सेझानचा डोंगर रंगवत बसलाय, ती त्याची थट्टा करतेय. पुढच्या वर्षी मास्त्रोयानी गेला.

जुनं_खोड

'हा तो नव्हे.' वाचूनच काटा आला. हा मी पाहिलेला नाही. शोधतो.

कोकमसार

मिलानकर, तुम्हाला साष्टांग.

आणि वैतागरावांसाठी एक हलकाफुलका. 'समुद्रात चालणारी म्हातारी' (१९९१). शब्दशः! गुडघाभर पाण्यात काठी घेऊन चालते, दागिन्यांची चोरी करते, आणि तोंड असं घाण की शिव्यांची वही भरेल. मिशेल सेरो जोडीला. यासाठी तिला १९९२ चा सेझार (फ्रान्सचा सिनेमा पुरस्कार) मिळाला. एवढ्या कारकिर्दीत अभिनयाचा पहिला सेझार, ६४ व्या वर्षी. सेझार सुरूच १९७६ मध्ये झाले म्हणा.

टपालपेटी

शेवटचा कुठला बघावा?

रात्रपाळी

मी 'पॅरिसमधली एस्टोनियन' (२०१२) सांगेन. दिग्दर्शक इल्मार राग, एस्टोनियाचा. फ्रिडा नावाची म्हातारी, तरुणपणी एस्टोनियातून पॅरिसला आलेली. तिची काळजी घ्यायला एस्टोनियाहून अॅन येते. फ्रिडा तिला हाकलून द्यायला बघते. बाहेर पडायचंच नाही, कपडे बदलायचे नाहीत. मग एक दिवस नीट कोट घालते, मोत्यांची माळ घालते, आणि अॅनच्या हाताला धरून कॅफेपर्यंत जाते. चार पावलं. तेव्हा मोरो ८४ वर्षांची होती. त्याच वर्षी पोर्तुगालच्या मानुएल द ओलिव्हेराबरोबरही तिने काम केलं आणि ओलिव्हेरा १०३ वर्षांचा! सेटवर तीच पोरगी.

इथे ऑर्सन वेल्स राहिलाच (स्पेनमधलं 'मध्यरात्रीचे टोले', फॉल्स्टाफच्या मांडीवर लोळणारी डॉल), आणि व्हेनिसमधली लोझीची 'इव्हा'. त्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल. कोकमसार, तू काढ. या वेळी मी भांडायला येते.

शुद्धलेखक

'ओलिव्हेरा' नव्हे, 'ओलिव्हैरा'च्या जवळ जाणारा उच्चार. बाकी सर्व प्रतिसाद उत्तम.

वैतागराव

लिफ्टवाला लावला काल रात्री. ट्रम्पेट छान आहे, मान्य. ते माइल्स डेव्हिसने पडद्यावर दृश्यं बघत बघत वाजवलंय हे वाचलं आणि दोनदा मागे नेऊन ऐकलं. लिफ्टमधल्या माणसाचं काय होतं याची उत्सुकता आहे. पण बाई अजून चालतेच आहे. झोपतो. उरलेला रविवारी.